ओट्यावरचे डाग आणि हसलेले अनारसे

आमच्याकडे घर आवरण्याचे दोन हंगाम असतात. पहिला नवरात्राच्या आधी, घट बसायच्या आत. त्याला आमच्याकडे 'दसरा काढणे' म्हणतात. घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या, चादरी, पडदे, सतरंज्या धुवून निघतात आणि चार दिवस गच्चीवर पाय ठेवायला जागा उरत नाही. दुसरा हंगाम दिवाळीच्या आधी. जाळ्या-जळमटं, पंखे, माळ्यावरचे डबे, पितळेची भांडी वगैरे वगैरे. दोन्हींच्या मधे जेमतेम महिना. त्यातच फराळाची तयारी, नोकरी, लेकीची सहामाही परीक्षा आणि नळ येईल त्या दिवशी पाणी भरणं. (शहराचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. सासूबाई अजून नगरच म्हणतात आणि मीही सवयीनं इथे नगरच लिहिणार आहे, सांभाळून घ्या.)

तर अशा धामधुमीत रात्री अकरा वाजता माणूस आडवा होतो, हातात मोबाईल घेतो आणि त्याला दिसतं काय, तर एक प्रसन्न बाई. नखांना रंग, पांढराशुभ्र ओटा, त्यावर एक लिंबू आणि एक वाटी सोडा. बाई नुसतं शिंपडते, फेस येतो, ती हसते आणि सगळं लख्ख! तीस सेकंदांत!! मी तर म्हणते या बाईला एकदा सावेडीला बोलवावं आणि आमची चिमणी पुसायला द्यावी. :)

हसण्यावारी नेतेय खरी, पण गेल्या दिवाळीत मी या व्हिडिओंच्या इतकी नादी लागले होते की घरात माझं नाव 'प्रयोगशाळा' पडलं. एक वहीच केली होती. रोज रात्री दोन कल्पना उतरवायच्या आणि रविवारी करून बघायच्या. काय जमलं, काय फसलं, याचा हिशोब आज मांडायचा आहे. त्यातली एक गोष्ट वर्षभर मनात टोचते आहे. तीही सांगणार आहे, म्हणून थोडं लांबण लागेल.

आधी जमलेल्या गोष्टी सांगते, म्हणजे पुण्याची आत्या म्हणायला नको की ही नुसती नावं ठेवते.

पंखे पुसायला उशीचा जुना अभ्रा वापरायचा. पात्यावर मोज्यासारखा चढवायचा, दोन्ही बाजूंनी दाबायचा आणि ओढून काढायचा. सगळी धूळ अभ्र्यात. खाली पलंगावर काही पडत नाही, डोळ्यात जात नाही. इतकी वर्षं डोक्याला फडकं बांधून आणि पलंगावर पेपर अंथरून आम्ही काय करत होतो कोण जाणे! सासूबाईंनी सहसा माझ्या कुठल्याच नव्या गोष्टीला बरं म्हटलेलं नाही, पण या अभ्र्याला म्हणाल्या, "हे बरंय." याच्यावर दुसरं प्रमाणपत्र नाही.

दुसरी गोष्ट लिंबूसत्वाची. आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे. नळावर, बादलीच्या कडेला, पाणी तापवायच्या भांड्यात सगळीकडे पांढरा थर बसतो. हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे एका अर्थी बारीकसा चुनखडीचा दगडच. आम्ल लागलं की तो विरघळतो. पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व टाकून उकळलं आणि अर्धा तास तसंच ठेवलं, तर भांडं नव्यासारखं निघतं. शॉवरच्या जाळीला व्हिनेगरची पिशवी बांधून ठेवली, तीही मोकळी झाली. इथे व्हिडिओवाल्या बाईला शंभर टक्के मार्क.

आता फसलेल्या गोष्टी.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढायचा प्रकार तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. दिसायला फार झकास! मी सिंकच्या मोरीत ओतला, चुलीच्या जाळ्यांवर ओतला. फेस आला, फेस गेला, चिकटा होता तिथेच. लेक दहावीला आहे. ती शांतपणे म्हणाली, "आई, एक आम्ल आणि एक अल्कली. एकमेकांना मारून टाकणार ना ते? उरलं काय? मीठ आणि पाणी." हे मीही शाळेत शिकले होते. फुगे येतात ते कार्बन डायऑक्साइडचे, आणि मागे उरतं ते सोडियम ॲसिटेट नावाचं मीठ आणि पाणी. नुसता सोडा तेलकटपणावर चालतो, नुसतं व्हिनेगर क्षारावर चालतं. दोन्ही एकत्र केले की उरते फक्त आतषबाजी. पण व्हिडिओत आतषबाजीच दिसते ना!

घरी केलेल्या कपड्यांच्या पावडरीचंही तेच. साबणाची वडी किसायची, धुण्याचा सोडा मिसळायचा, झाली पावडर, पैसे वाचले! ज्या देशात पाणी हलकं आहे तिथे होतही असेल. आमच्या बोअरच्या पाण्यात साबण आधी क्षाराशीच भांडतो आणि त्याचा चिकट साका होतो. तो साका बसला चादरींवर. दसऱ्याला काढलेल्या पांढऱ्या चादरी राखाडी झाल्या आणि पुन्हा दुकानातल्या पावडरीनं दोनदा धुवाव्या लागल्या. पाणी किती गेलं ते विचारू नका. मुळा धरणातून येणाऱ्या ज्या पाण्यासाठी आम्ही नळाखाली हंडे मांडून वाट बघतो, ते पाणी मी एका व्हिडिओपायी गटारात सोडलं.

आणि मग तो ओटा.

आमचा ओटा कडप्प्याचा आहे, काळाभोर. सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हाचा. मागच्या अंगणात शहाबादी फरशी. एका रात्री व्हिडिओत पाहिलं की लिंबाची अर्धी फोड ओट्यावर घासा, रस रात्रभर मुरू द्या, सकाळी आरसा होईल. मी अगदी मन लावून घासलं. सकाळी पाहते तर जिथे जिथे रस होता तिथे तिथे पांढुरके, निस्तेज डाग. पुसले, जाईनात. तेल लावलं, तेवढ्यापुरते गेले, परत आले. हात फिरवला तर दगड तिथे खरखरीत लागतो.

कारण नंतर कळलं. कडप्पा आणि शहाबादी, दोन्ही चुनखडीचेच दगड. ज्या लिंबानं भांड्यातला पांढरा थर खाल्ला, त्याच लिंबानं माझा ओटा खाल्ला. त्या बाईचा ओटा बहुतेक ग्रॅनाइटचा असणार. ग्रॅनाइटला लिंबाचं एवढं काही वाटत नाही. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ती तिच्या ओट्याबद्दल खरं बोलत होती.

यातली खरी गंमत (गंमत कसली!) पुढे आहे. सासूबाई ओट्याशी आल्या, डागांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "लिंबू ठेवू नाही गं ओट्यावर. तुला आल्या आल्या सांगितलं होतं." खरंच सांगितलं होतं. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात. लिंबाची फोड ओट्यावर ठेवायची नाही, ताटलीत ठेवायची. लोणच्याची बरणी ओट्यावर टेकवायची नाही, खाली कापड घ्यायचं. मला वाटलं, सोवळं-ओवळं, नजर-बिजर असलं काहीतरी असेल. मी मान डोलावली आणि विसरून गेले. त्यांनी कारण सांगितलं नाही, कारण त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या सासूबाईंनी सांगितलं, "ठेवू नाही." एवढंच.

तेव्हापासून एक विचार डोक्यात घर करून आहे. घरातल्या नियमाला कारण नसतं आणि मोबाईलवरच्या कल्पनेला पत्ता नसतो. सासूबाईंचा नियम याच ओट्यासाठी, याच पाण्यासाठी होता, पण 'का' विचारलं की गप्प. व्हिडिओतली बाई 'का' छान समजावते, पण कुठल्या गावाचं पाणी, कुठला दगड, कुठली हवा, ते सांगत नाही. आणि आपण शिकलेल्या बायका! कारण सांगितलं की आपण लगेच विश्वास ठेवतो. पत्ता विचारायचं सुचत नाही.

असो. दगडाचे डाग हे काही फार मोठं दुःख नव्हे. ज्यासाठी हे लिहायला बसले ती गोष्ट वेगळी आहे.

आमच्याकडे पंधरा वर्षांपासून एक मावशी कामाला येतात. दिवाळीच्या आधी दोन दिवस जास्तीचं काम करतात, त्याचे वेगळे पैसे. मी एक व्हिडिओ पाहिला होता. संडासाच्या भांड्यात वेगवेगळ्या रंगांच्या पावडरी आणि लिक्विड एकावर एक ओततात, फेस येतो आणि मग ब्रश फिरवला की चकाचक. आमच्याकडे पाण्याच्या टाकीसाठी आणलेली ब्लीचिंग पावडर होती आणि संडास साफ करायचं नेहमीचं लिक्विड होतं. मी मावशींना सांगितलं, "आधी ही पावडर टाका, वर ते लिक्विड ओता आणि पंधरा मिनिटं दार लावून ठेवा." सांगितलं आणि स्वयंपाकघरात चकलीची भाजणी चाळायला निघून गेले.

मावशींनी दार लावलं, पण आतून. पंधरा मिनिटं रिकामं कशाला बसायचं, तेवढ्यात टाइल्स पुसून होतील, असा त्यांचा विचार. आणि वास स्वयंपाकघरात फराळाला जायला नको, हा दुसरा. दोन-तीन मिनिटांत खोकल्याचा आवाज आला. खोकला तरी कसा, थांबतच नव्हता. दार उघडलं तर डोळे लाल, पाण्यानं भरलेले, भिंतीला धरून उभ्या. मला दारातच तो वास लागला आणि माझा घसा आवळला.

त्या लिक्विडमध्ये आम्ल असतं. ब्लीचिंग पावडर आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्यानं जो विषारी वायू सोडला, तो हाच. हवेपेक्षा जड, त्यामुळे खाली बसतो. आणि मावशी खाली बसूनच टाइल्स पुसत होत्या.

त्यांना अंगणात मोकळ्या हवेत बसवलं, तोंड-डोळे धुवायला दिले आणि नवऱ्यानं गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, नाकाला मास्क लावून वाफ दिली, दोन तास बसवून ठेवलं. नशीब की पंधरा मिनिटं झाली नव्हती. डॉक्टर मला म्हणाले, "बाटलीवर लिहिलेलं असतं हो, दुसऱ्या कशात मिसळू नका म्हणून." लिहिलेलं असतं. बारीक अक्षरात असतं, पण असतं. मी शिकलेली आहे. चष्मा आहे. वाचलं नाही. व्हिडिओ मात्र दोनदा पाहिला होता.

मावशी बऱ्या झाल्या. पण खोकला दहा-बारा दिवस राहिला आणि त्या दिवाळीत त्यांच्या घरी तळण झालं नाही. तळणाच्या वासानं खोकला उठायचा. त्यांच्या नातवाला शेव फार आवडते. आम्ही डबे भरून फराळ पाठवला. भाऊबीजेनंतर डबे परत आले. रिकामा डबा परत करायचा नाही म्हणून तळाशी साखर घातलेली होती. ती साखर पाहून मी किती वेळ ओट्याशी उभी होते ते मलाच ठाऊक.

त्या पुन्हा कामावर आल्या तेव्हा मी माफी मागितली. दवाखान्याचा खर्च, सुट्टीचे पैसे हे सगळं दिलं होतं, पण तोंडानं म्हणायचं राहिलं होतं. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या ताई, मुद्दाम थोडंच केलं तुम्ही." मग जरा थांबून, अगदी साधेपणानं विचारलं, "पण ताई, तुम्ही आधी कधी करून बघितलं होतं का ते?"

नव्हतं बघितलं.

अभ्रा मी स्वतः चढवला. लिंबू मी स्वतः घासलं. चादरी मशीनमध्ये मी टाकल्या. पण सगळ्यात घाणेरडं काम आणि सगळ्यात न पारखलेली कल्पना, या दोन्ही मी मावशींच्या हाती दिल्या. प्रयोग माझा आणि हात त्यांचे, श्वास त्यांचा. आपल्याकडे 'घर सजवा, घर चमकवा' म्हणताना हा भाग कुणी बोलत नाही. त्या परदेशी बाईकडे कामाला कुणी येत नसेल. ती बोलते ते स्वतःच्या हातांबद्दल. आपण तिची कल्पना उचलतो आणि सरळ दुसऱ्याच्या हातावर ठेवतो. या ब्लॉगवर येणाऱ्या बहुतेक सगळ्यांकडे कुणी ना कुणी मावशी येतात, म्हणून हे लिहिणं मला भाग आहे. मला लाज वाटते, तरीही.

आता फराळाकडे येते. नाहीतर म्हणाल, दिवाळीच्या तोंडावर ही काय रडगाणं घेऊन बसली.

फराळात मी तीन प्रयोग केले. बेसनाचे लाडू मायक्रोवेव्हमध्ये. हे जमतं! एका वेळी मिनिटभर लावायचं, काढायचं, ढवळायचं, पुन्हा लावायचं. वास सुटेपर्यंत धीर धरायचा आणि शेवटी शेवटी तर डोळ्यात तेल घालून बघायचं, कारण तिथेच करपतं. सासूबाईंचे गुडघे गेलेत. त्यांना गॅसपाशी अर्धा-पाऊण तास उभं राहून बेसन भाजणं आता होत नाही. गेल्या वर्षी त्या खुर्चीवर बसून, मांडीवर काचेचं भांडं घेऊन ढवळत होत्या आणि 'अजून एक मिनिट' म्हणत होत्या. लाडू त्यांचेच झाले, चवीला तसूभर फरक नाही. हा प्रयोग मी डोक्यावर घेऊन नाचायला तयार आहे.

चकली एअर फ्रायरमध्ये. नको. तळताना गरम तेलात चकलीतलं पाणी झपाट्यानं वाफ होऊन निघून जातं, मागे बारीक बारीक पोकळ्या राहतात, तेल तिथे शिरतं, म्हणून ती खुसखुशीत लागते. गरम हवेत हे सगळं हळूहळू होतं आणि चकली नुसती वाळते. नवरा एक खाऊन म्हणाला, "दाताच्या डॉक्टरांचा नंबर आहे ना?" तेलाची भीती असेल तर चकल्या कमी खाव्यात, एवढंच माझं मत झालंय.

आणि तिसरा प्रयोग अनारशांचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अनारशाला तांदूळ तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलायचं. मग उपसून कापडावर सावलीत जरासे सुकवायचे, दमट असतानाच कुटायचे, चाळायचे, गूळ घालून गोळा करायचा आणि तो काही दिवस मुरू द्यायचा. मग खसखशीवर थापून तुपात सोडायचा, खसखस वर ठेवून एकाच बाजूनं तळायचा, वरून झाऱ्यानं तूप उडवत. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देतात, ते हे. व्हिडिओत म्हटलं होतं, 'झटपट अनारसे, अर्ध्या तासात!' विकतची तांदळाची पिठी, पिठीसाखर, थोडं दही. केले. पहिला तुपात सोडला आणि बघता बघता तो हसला.

हो, अनारसा हसतो. म्हणजे तुपात गेल्या गेल्या पसरतो, फाटतो, विरघळतो. सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "हसला बघ." दुसरा हसला. तिसरा तर खदाखदा. मग त्याही हसायला लागल्या आणि मीही. ते वातावरण बदललं ते बरं झालं, कारण मावशींच्या प्रकारानंतर आठवडाभर घरात कुणी धड हसलं नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं, मुरवलेलं पीठ असलं तरी कधी कधी हसतं. गोड जास्त झालं किंवा पीठ ओलं राहिलं की हसतं, मग त्यात थोडी कोरडी पिठी मळायची. "तीन दिवस कशाला?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवशी तांदूळ तांदूळच असतो. तिसऱ्या दिवशी बोटात धरला की मोडतो." कारण विचारलं आणि चक्क कारण मिळालं! इतक्या वर्षांत मी त्यांना कधी 'कशाला' विचारलंच नव्हतं. 'किती' तेवढं विचारलं होतं, आणि 'किती'चं उत्तर त्यांच्याकडे नसतंच. अंदाज, मूठ, चिमूट.

तुम्ही म्हणाल, मग काय, इंटरनेट वाईट आणि सासूबाई थोर? तसं मुळीच नाही. परक्या बाईकडून शिकणं आपल्याकडे नवीन नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' निघालं १९१० साली. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' आली १९७० मध्ये. त्यांनी वाटी-चमच्याची मापं दिली आणि माहेरापासून लांब पडलेल्या कितीतरी मुलींचं स्वयंपाकघर उभं राहिलं. माझ्या आईची 'रुचिरा' माझ्याकडे आहे. तिच्या पानांवर हळदीचे डाग आहेत आणि समासात आईचं बारीक अक्षर. 'मीठ कमी घालणे.' 'यांना आवडले.' 'नगरच्या पाण्याला डाळ जास्त वेळ भिजवणे.' म्हणजे आईनं पुस्तकाला पत्ता दिला होता! परकी पाककृती समासातल्या त्या ओळींनी आमच्या घरची झाली.

मोबाईलवरही पत्ता असलेली माणसं आहेतच. इथून जवळच, नगर तालुक्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजी. शाळेत कधी गेल्या नाहीत. २०२० मध्ये नातवानं, यश पाठकनं, त्यांचा स्वयंपाक यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली, 'आपली आजी' नावानं, आणि बघता बघता लाखो लोक जोडले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चॅनल हॅक झालं होतं, सगळ्यांचे जीव टांगणीला, मग सुदैवानं परत मिळालं. सासूबाईंना यूट्यूबवर फक्त या आजी चालतात. बाकीच्यांना त्या 'त्या बाया' म्हणतात, यांना 'आपल्याकडची'. बघताना अर्थातच पडद्याशी भांडतातही, "आमच्यात असं नाही घालत." पण ते भांडण शेजारणीशी घातल्यासारखं. बोलणं कळतं, पाणी तेच, ज्वारी-बाजरी तीच.

आणि कधी कधी तर नवीन म्हणून जे दाखवतात ते आपल्या गल्लीत जुनंच असतं. आमच्या शेजारच्या काकू ख्रिस्ती आहेत. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ मध्ये, तेव्हापासून इथे मराठी ख्रिस्ती कुटुंबं आहेत. नाताळला त्यांच्याकडून आम्हाला करंज्या, चकल्या, लाडू येतात, दिवाळीला आमच्याकडून जातात. मी मोठ्या उत्साहानं त्यांना व्हिडिओ दाखवला, 'ओव्हनशिवाय केक, वाळूच्या पातेल्यात!' काकू म्हणाल्या, "अगं, माझी आई चुलीवर वाळू तापवून असाच करायची. वर झाकणावर निखारे ठेवायची. आम्ही त्याला केकच म्हणायचो, आयडिया नाही."

तर माझं मत सांगायचं तर एवढंच. कल्पना जरूर घ्याव्यात, जगातून कुठूनही घ्याव्यात. पण तीस सेकंदांच्या व्हिडिओत समास नसतो. तो आपण आखावा लागतो. कुठलं पाणी, कुठला दगड, हे त्यात लिहावं लागतं. स्वयंपाकात चूक झाली तर अनारसा हसतो, दगडावर झाली तर डाग राहतो, पण औषधी-रसायनांत झाली तर माणसाचा श्वास जातो. म्हणून आमच्या घरात आता एक नियम आहे आणि त्याला कारणही लिहिलेलं आहे. साफसफाईच्या दोन वस्तू एकत्र करायच्या नाहीत, कधीच नाहीत. आणि जी गोष्ट मी स्वतः, दार-खिडकी उघडी ठेवून, आधी केलेली नाही, ती दुसऱ्या कुणाला सांगायची नाही. लेकीनं मोठ्या अक्षरात कागद लिहून बाथरूमच्या दाराला आतून चिकटवलाय. मावशींना वाचता येतं, पण त्यांनी तो मला मोठ्यानं वाचायला लावला. बरोबरच केलं.

वही मात्र चालू आहे. आता तिच्यात डाव्या पानावर मोबाईलवरच्या कल्पना आणि उजव्या पानावर सासूबाई. विचारते 'कशाला' आणि लिहून घेते. कधी कारण मिळतं, कधी "आमच्या सासूबाई म्हणायच्या" एवढंच मिळतं. तेही लिहिते. कारण लेक शोधेल.

ओट्यावरचे डाग तसेच आहेत. नवरा म्हणतो पॉलिशवाल्याला बोलवू. मी म्हटलं, राहू देत थोडे दिवस. लिंबू चिरायला घेतलं की आपोआप ताटलीकडे हात जातो.

ता. क. : न्यू जर्सीच्या नणंदबाईंसाठी. बेसनाला रवाळ दळलेलं बेसन घे, मायक्रोवेव्ह मिनिटामिनिटानं, आणि साखर बेसन कोमट झाल्यावरच घाल. आईंनी खास सांगितलंय. तुमचं पाणी, तुमचं तूप वेगळं, म्हणून पहिल्यांदा एकाच वाटीचे करून बघ. फसले तर समासात लिही. :)